गेंड्याएवढं पोटपिशवीवालं जनावर: डायप्रोटोडॉन आणि हिमयुगातला ऑस्ट्रेलिया

पांथस्थ

१८९२ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कॅलाबोना या कोरड्या, खाऱ्या तळ्यात जॅकी नोलन या आदिवासी माणसाला मोठाली हाडं दिसली. त्यांनी ती तिथले मेंढ्यांच्या कुरणांचे मालक रॅगलेस यांना दाखवली, बातमी अ‍ॅडलेडच्या संग्रहालयापर्यंत गेली आणि पुढच्या वर्षी तिथे खोदकाम चालू झालं. मातीतून सांगाड्यांमागून सांगाडे निघाले. कित्येकांचे पाय चिखलात सरळ उभे होते. तळं आटत आलं की वरचा थर वाळून टणक होतो, खाली मात्र ओली चिकणमाती तशीच राहते. पाण्याच्या आशेनं जनावरं आत शिरली, त्यांच्या वजनानं वरचा थर फुटला, पाय रुतले आणि ती जागच्या जागी मेली. काही माद्यांच्या सांगाड्यांत, जिथे पोटाची पिशवी असायला हवी तिथे, पिल्लांची बारीक हाडंही मिळाली.

हा प्राणी म्हणजे डायप्रोटोडॉन. आजवर माहीत असलेल्या पोटपिशवीवाल्या प्राण्यांत सर्वांत मोठा. खांद्यापाशी उंची सुमारे १.८ मीटर, लांबी तीन मीटरच्या पुढे, वजन अंदाजे २,७०० किलो. आजच्या प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक वॉम्बॅट आणि कोआला. म्हणजे कांगारूला जाड करून हा प्राणी डोळ्यांपुढे आणू नका. खांबासारखे पाय, आत वळलेले पंजे, बोजड डोकं आणि पुढे आलेले पटाशीसारखे दात. कवटी केवढी तरी मोठी, पण कपाळाच्या हाडात पोकळ्याच पोकळ्या आणि मेंदू लहानसा. मोठ्या जबड्याच्या स्नायूंना धरायला जागा हवी, पण डोक्याचं वजन वाढता कामा नये, या दोन्ही गरजा त्या पोकळ्यांनी भागवल्या.

नाव दिलं शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी, १८३८ साली लंडनमध्ये बसून. त्यांच्याकडे पोचलेली हाडं न्यू साउथ वेल्समधल्या वेलिंग्टन इथल्या गुहांतली होती. १८३० मध्ये जॉर्ज रँकेन नावाचे गृहस्थ त्या गुहेत उतरत होते. दोर बांधायला त्यांनी भिंतीतून बाहेर आलेलं एक टोक धरलं, ते तुटून हातात आलं आणि बघतात तर हाड! पुढे सर्वेक्षक थॉमस मिचेल यांनी तिथली हाडं गोळा करून युरोपात पाठवली. त्या काळी ऑस्ट्रेलियाचा आतला भाग युरोपीय लोकांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे हा प्राणी आत कुठेतरी जिवंत असेल अशी आशा खुद्द लुडविग लाइकहार्ट या शोधप्रवाशाला होती. मला त्या आशेचं फार कौतुक वाटतं. चाळीस हजार वर्षांनी उशीर झाला होता, पण हाडं इतकी ताजी दिसत होती की तसं वाटणं साहजिकच होतं.

अलीकडच्या संशोधनातलं मला सर्वांत आवडलेलं काम २०१७ चं आहे. क्वीन्सलंडमधल्या डार्लिंग डाउन्सच्या पठारावर मिळालेल्या, सुमारे तीन लाख वर्षं जुन्या एका दाताचा अभ्यास झाला. डायप्रोटोडॉनचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहायचे. चरताना त्या त्या भागातल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य गवतापाल्यातून दातात उतरतं आणि प्रत्येक भागाची खूण वेगळी असते. दाताच्या लांबीवर क्रमाने नमुने घेतल्यावर दिसलं की हे जनावर दरवर्षी ठरावीक ऋतूत सुमारे २०० किलोमीटरचा फेरा मारून परत येत होतं. आजच्या एकाही पोटपिशवीवाल्या प्राण्यात अशी वार्षिक ये-जा दिसत नाही. आफ्रिकेच्या माळावरून विल्डबीस्टचे कळप जातात तसे डायप्रोटोडॉनचे कळप ऑस्ट्रेलियात फिरत होते. हे दृश्य डोळ्यांसमोर आलं आणि मी हा धागा लिहायला घेतला.

त्याच्याबरोबरची बाकी मंडळीही सांगतो. प्रोकॉप्टोडॉन हा दोन मीटर उंच, सुमारे २३० किलोचा, आखूड तोंडाचा कांगारू. मागच्या पायाला एकच बोट, हाताला दोन लांब बोटं, फांद्या ओढून पाला खाणारा. इतक्या वजनाने तो उड्या मारत नसावा, एकेक पाय टाकत चालत असावा असं त्याच्या हाडांवरून दिसतं. फॅस्कोलोनस हा दोनशे किलोच्या आसपासचा वॉम्बॅट. थायलॅकोलिओ हा पोटपिशवीवाला 'सिंह'. शिवाय जेन्योर्निस हा दोनशे किलोंहून जड, न उडणारा पक्षी आणि मेगालेनिया ही प्रचंड घोरपड.

सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीपर्यंत यातले जवळजवळ सगळे संपले होते. का संपले यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. माणसं आली म्हणून की हवामान बिघडलं म्हणून? मला माणसांचा हात मोठा वाटतो. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल.

रानजाई

फार सुंदर लिहिलंय. कॅलाबोनाच्या माद्यांचं वाचून गलबलून आलं. एक प्राथमिक प्रश्न: हिमयुग म्हटलं की मला मॅमथ आणि बर्फच दिसतो. ऑस्ट्रेलियात तेव्हा बर्फ होता का?

पांथस्थ

@रानजाई, अगदी थोडा. मुख्य भूमीवर कोझियुस्को पर्वताच्या आसपास लहान हिमनद्या होत्या आणि टास्मानियाच्या डोंगरांवर त्याहून जास्त. बाकी खंडभर हिमयुगाचा अर्थ होता कोरडेपणा, वारा आणि धूळ. समुद्र थंड झाला की त्यावरून बाष्प कमी उठतं आणि पाऊस घटतो. मधल्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांच्या लांबच लांब रांगा अशा कोरड्या काळांत पसरल्या आणि सरकल्या.

त्याच वेळी, बरंच पाणी उत्तर गोलार्धात बर्फ होऊन जमिनीवर अडकल्यामुळे, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरपर्यंत खाली गेली होती. न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया मिळून एकच भूमी होती, तिला साहुल म्हणतात. आज जिथे कार्पेन्टारियाचं आखात आहे तिथे एक मोठं तळं होतं. मात्र आशियाच्या बाजूने साहुलपर्यंत सलग जमीन कधीच नव्हती. म्हणूनच वाघ, हत्ती, हरणं तिकडे पोचली नाहीत. माणूस पोचला तो समुद्र ओलांडून.

दुसरं असं की हिमयुग हा एकच सलग थंड काळ नव्हता. लाख-लाख वर्षांच्या अंतराने थंडी-कोरडेपणा आणि ऊब-ओलावा यांची आवर्तनं होत राहिली. हा मुद्दा पुढच्या वादात फार महत्त्वाचा ठरतो.

शिंगरू

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे थायलॅकोलिओबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याचं वंशमूळ शाकाहारी आहे! वॉम्बॅट-कोआलाच्या कुळातला प्राणी मांसाहाराकडे वळला आणि त्यासाठी त्याने सगळी हत्यारं नव्याने घडवली. मांजर किंवा कुत्रा सुळ्यांनी धरतो. याचे सुळे नावापुरते, म्हणून पुढचे पटाशीचे दातच टोकदार झाले. मांस कापायला दाढांच्या पुढचा एक दात लांबलचक पात्यासारखा वाढला. खालचं आणि वरचं पातं एकमेकांवर घासून धार राहायची. वजन शंभर-सव्वाशे किलो, आणि त्या वजनाच्या मानाने चावा आजच्या कुठल्याही सस्तन शिकाऱ्यापेक्षा जोरदार असावा असा हिशोब २००५ मध्ये मांडला गेला.

शिवाय अंगठा. पुढच्या पायाचा अंगठा बाकी बोटांपासून सुटा आणि त्यावर भलंमोठं, आकड्यासारखं नख. पकड धरायची ती त्या नखाने. २००२ मध्ये नलारबोर पठाराखालच्या गुहांत याचा संपूर्ण सांगाडा जसाच्या तसा सापडला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका गुहेच्या भिंतीवर नखांचे ओरखडे आहेत, त्यावरून तो चढण्यात पटाईत होता हे कळतं. शेपूट कशी होती हे तर २०१८ पर्यंत नीट कळलेलं नव्हतं.

आता धाग्यातल्या प्रश्नाकडे. माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा प्रजननाचा आहे. मोठं जनावर म्हणजे उशिरा वयात येणं, एका वेळी एकच पिल्लू आणि दोन पिल्लांमध्ये मोठं अंतर. अशा जातीत दरवर्षी नेहमीपेक्षा थोडी जास्त पिल्लं मेली तरी संख्या हळूहळू खाली येते, इतकी हळू की एका माणसाच्या आयुष्यात ते जाणवतही नाही. माणसांनी कळपच्या कळप मारले असं चित्र उभं करायची गरजच नाही. डायप्रोटोडॉनची थोडी पिल्लं शिकारीत जात राहिली तरी काही शतकांत जात संपू शकते, असं २००६ च्या एका गणिती अभ्यासात दाखवलं आहे. मारलेल्या जनावरांच्या हाडांचे ढीग का सापडत नाहीत, याचंही उत्तर त्यातच आहे.

नभांगण

चर्चा चांगली चालली आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. ऑस्ट्रेलियात माणसाने डायप्रोटोडॉन मारला याचा एकही निर्विवाद पुरावा नाही. अमेरिकेत मॅमथच्या हाडांजवळ भाल्याची टोकं मिळतात, तसं इथे काही नाही. न्यू साउथ वेल्समधल्या कडी स्प्रिंग्जला दगडी हत्यारं आणि मोठ्या प्राण्यांची हाडं एकाच थरात आहेत, पण थर पाण्याने ढवळले गेले होते की नाही यावरच तज्ज्ञांत एकमत नाही.

हवामानाची बाजू बघा. लेक एअर आणि फ्रोम-कॅलाबोना परिसरातली तळी एके काळी प्रचंड होती, एकमेकांना जोडलेली. सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीनंतर ती कायमची आटत गेली. क्वीन्सलंडमधल्या साउथ वॉकर क्रीकच्या उत्खननाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तिथे मोठे प्राणी सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीपर्यंत टिकले होते. माणूस त्याआधी निदान दहा हजार वर्षं खंडावर होता, म्हणजे दोघे दीर्घकाळ शेजारी राहिले. त्यांचा शेवट पाणी आणि झाडोरा बदलण्याच्या काळाशी जुळतो. मग दोष माणसाला का?

पांथस्थ

@नभांगण, तळी आटल्याचा मुद्दा भक्कम आहे आणि मला तो टाळायचा नाही. मध्य ऑस्ट्रेलियात पाण्याशिवाय डायप्रोटोडॉन जगूच शकत नव्हता. पण दोन गोष्टींवर मी अडतो.

पहिली, नाराकूर्टच्या गुहा. दक्षिण ऑस्ट्रेलियात चुनखडीच्या जमिनीत भोकं आहेत, वरून जनावरं आत पडायची आणि बाहेर पडता यायचं नाही. असं पाच लाख वर्षं चाललं. त्यातले थर वाचले तर एकामागून एक थंड-कोरडे काळ येऊन गेलेले दिसतात आणि प्रत्येक वेळी मोठ्या प्राण्यांच्या जवळपास त्याच जाती तग धरून राहिलेल्या दिसतात. इतकी आवर्तनं पचवलेले प्राणी नेमके माणूस आल्यानंतरच्या आवर्तनात का संपावेत? आणि या शेवटच्या आवर्तनातला सर्वांत कडक काळ सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे हे सगळे संपल्यावर कितीतरी हजार वर्षांनी आलेला.

दुसरी, लिंचेस क्रेटर. ईशान्य क्वीन्सलंडमधल्या या जुन्या ज्वालामुखीच्या विवरात गाळाचे थर साठले आहेत. मोठ्या शाकाहारी जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू त्या गाळात मिळतात. जनावरं जास्त तर बीजाणू जास्त. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी ते एकदम घटतात. त्या वेळी हवामानात मोठा बदल दिसत नाही. त्यानंतर, आणि हा 'त्यानंतर' महत्त्वाचा, गाळात कोळशाचं प्रमाण वाढतं आणि झाडांच्या जाती बदलतात. म्हणजे तिथे तरी जनावरं आधी गेली. पाला-गवत खाणारं कोणी उरलं नाही, ते वाळून साठत गेलं आणि वणवे वाढले.

गिरणाकाठ

पांथस्थ, जेन्योर्निसचा उल्लेख वाचून आमच्या जळगाव जिल्ह्याची आठवण झाली. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे सत्तरच्या दशकात स. अ. साळी यांनी उत्खनन केलं, तिथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्यातल्या एका तुकड्यावर आडव्या-तिरक्या रेघांची नक्षी कोरलेली आहे, काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे हिमयुगाच्या उत्तरार्धात खानदेशात शहामृग फिरत होते. भारतात मिळालेल्या अशा कवचांतल्या डीएनएवरून ते आफ्रिकेतल्या शहामृगाच्याच जातीचे होते हेही २०१७ मध्ये सिद्ध झालं.

ऑस्ट्रेलियातही अंड्यांच्या कवचांवरूनच मोठा पुरावा मिळाला आहे ना? थोडं विस्ताराने लिहाल का?

पांथस्थ

@गिरणाकाठ, पाटण्याच्या कवचाची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. हो, जेन्योर्निसच्या अंड्यांची कवचं ऑस्ट्रेलियाच्या अनेक भागांत वाळूत विखुरलेली मिळतात. २०१६ मध्ये त्यातल्या बऱ्याच तुकड्यांवर भाजल्याच्या खुणा असल्याचं प्रसिद्ध झालं. वणव्यात सापडलेलं कवच सगळीकडून सारखं भाजतं. हे तुकडे एका टोकाला काळे आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ कोरे होते, म्हणजे अंडं निखाऱ्यांशेजारी ठेवलेलं असावं. काळ साधारण ५४,००० ते ४३,००० वर्षांपूर्वीचा. ही अंडी जेन्योर्निसची नसून दुसऱ्याच पक्ष्याची असावीत अशी शंका काढली गेली होती. २०२२ मध्ये कवचातल्या प्रथिनांवरून ती शंका दूर झाली. दीड किलोच्या आसपासचं एक अंडं म्हणजे एका कुटुंबाचं जेवण. सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याची अंडी वर्षानुवर्षं उचलली गेली तर काय होईल, हे शिंगरू यांच्या प्रतिसादात आलेलंच आहे.

जेन्योर्निसचं नाव १८९६ मध्ये कॅलाबोनाच्याच हाडांवरून ठेवलं गेलं होतं. नीट टिकलेली कवटी मात्र त्याच तळ्यातून अलीकडे मिळाली आणि तिचा अभ्यास २०२४ मध्ये आला. चेहरा बदका-हंसाच्या कुळाशी नातं सांगणारा.

शिंगरू

गिरणाकाठ यांच्या प्रतिसादावरून एक विचार मनात आला. गोदावरीच्या गाळात, नांदूर मध्यमेश्वरला, पॅलिओलॉक्सोडॉन नमॅडिकस या अवाढव्य हत्तीचे अवशेष मिळाल्याची नोंद भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ मध्येच केली आहे. तो हत्ती, भारतातला पाणघोडा, हत्तीसारखा स्टेगोडॉन हे आपल्याकडचे मोठे प्राणीही संपले. पण आजचा हत्ती, गेंडा, गवा, रानम्हैस टिकले. ऑस्ट्रेलियात एक टनाच्या वरचा एकही जमिनीवरचा प्राणी उरला नाही. हा फरक कशामुळे?

मला पटलेलं उत्तर असं: भारतात दगडी हत्यारं करणारे मानव तमिळनाडूतल्या अत्तिरमपाक्कमला निदान १५ लाख वर्षांपूर्वी होते. इथल्या प्राण्यांना दोन पायांच्या शिकाऱ्याला बिचकायला पिढ्यान्‌पिढ्या मिळाल्या. जे बिचकले नाहीत ते आधीच गळले. साहुलच्या प्राण्यांना ती सवड मिळाली नाही. थायलॅकोलिओ झाडावरून झडप घालायचा, मेगालेनिया दबा धरायची, त्यांच्यापासून जपणं डायप्रोटोडॉनला येत होतं. लांबून भाला फेकणारा आणि आग लावणारा प्राणी मात्र त्याच्यासाठी सर्वस्वी नवा होता. आफ्रिका आणि भारत या दोन्ही ठिकाणी, जिथे माणूस जुना आहे तिथे, मोठे प्राणी जास्त टिकले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

यारा

मी मेलबर्नला राहते आणि या चर्चेत एक गोष्ट सांभाळून बोलायला हवी असं मनापासून वाटतं. 'माणसाने संपवले' असं आपण म्हणतो, तेव्हा ती माणसं म्हणजे आजच्या आदिवासी समाजांचे पूर्वज असतात. त्यांच्यावर लादलेल्या शेकडो आरोपांत हा एक आरोप राजकारणात सोयीस्करपणे वापरला गेला आहे. म्हणून पुरावा कच्चा असेल तर तो कच्चाच म्हणायला हवा.

उदाहरण देते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मॅमथ केव्हमधलं आखूड तोंडाच्या कांगारूचं एक नडगीचं हाड अनेक वर्षं शिकारीचा पुरावा म्हणून दाखवलं जायचं, कारण त्यावर कापल्याची खूण आहे. २०२५ मध्ये त्याची पुन्हा तपासणी झाली. खूण हाड वाळून तडकल्यानंतरची निघाली. म्हणजे कोणीतरी खाटीककाम केलं नव्हतं, जुनं हाड सापडलं म्हणून त्यावर काम केलं होतं. त्या अभ्यासकांचं म्हणणं असं की इथले पहिले लोक जीवाश्म ओळखत होते आणि जपून नेतही होते. पहिल्या शोधाचं श्रेयही बघा, कॅलाबोनाची हाडं जॅकी नोलन यांनी दाखवली, संग्रहालयाने नाही.

पांथस्थ

@यारा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. म्हणूनच मी 'कत्तल' हा शब्द वापरत नाही. शिंगरू म्हणतात तशी प्रक्रिया शेकडो वर्षं चालली असेल तर ती कोणाला दिसलीही नसेल, मग ठपका कसला ठेवायचा? न्यूझीलंडच्या मोआ या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याचं, युरोपीय जहाजांनी पाय ठेवलेल्या बेटांवरच्या पक्ष्यांचं तेच झालं. थायलसिन हा टास्मानियाचा पट्टेवाला शिकारी तर बक्षिसं लावून मारला गेला आणि शेवटचा ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तिथे ठपका ठेवायला नावानिशी कागदपत्रं आहेत.

नभांगण

गुहांतल्या थरांच्या, बीजाणूंच्या आणि अंड्यांच्या पुराव्यानंतर माणसाचा वाटा शून्य होता असं मी म्हणणार नाही. पण न्यू गिनीपासून टास्मानियापर्यंत पसरलेल्या भूमीवर सगळीकडे एकच कारण लागू पडेल हे मला पटत नाही. मध्य भागातल्या कोरड्या तळ्यांकाठी पाण्याने मारलं असेल आणि ईशान्येच्या रानात माणसाने. आटलेल्या तळ्यामुळे जनावरं उरलेल्या दोन-चार पाणवठ्यांवर गोळा झाली, आणि माणसंही तिथेच पाण्याला आली, असंही झालं असेल. आधी जागोजागचे विश्वासार्ह काळ हवेत, मगच निकाल.

रानजाई

हे पाणवठ्याचं मला फार पटलं. आपल्याकडे उन्हाळ्यात शिकारी पाणवठ्यावरच टपून बसायचे असं आजोबा सांगायचे.

कोवळं_ऊन

सगळा धागा एका बैठकीत वाचला. डिसेंबरमध्ये मुलीकडे अ‍ॅडलेडला जाणार आहे, नातू आठ वर्षांचा आहे. यातलं काय बघता येईल?

पांथस्थ

@कोवळं_ऊन काका/काकू, नातवाला आधी शहरातच नॉर्थ टेरेसवरच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये न्या. तिथे डायप्रोटोडॉनचा उभा सांगाडा आहे, त्याच्या शेजारी मुलाला उभं केलं की आकार लगेच कळतो. कॅलाबोनाला परवानगीशिवाय जाता येत नाही, तो बेत नको. पण नाराकूर्ट जमवाच. गाडीने सुमारे चार तास, एक रात्र मुक्काम केलात तर सोयीचं. तिथल्या व्हिक्टोरिया फॉसिल केव्हमध्ये मार्गदर्शकाबरोबर जाता येतं आणि १९६९ मध्ये सापडलेला हाडांचा थर जागेवरच बघायला मिळतो. तिकीट आधी काढून ठेवा, शाळांना सुट्ट्या असतात. बाहेर डिसेंबरचं ऊन कडक असलं तरी गुहेत वर्षभर साधारण १७ अंश असतं, त्यामुळे तुमच्यासाठी आणि नातवासाठी एकेक स्वेटर बरोबर घ्या.